रेकीला आलेली पोरं आणि माझे पाचशे रुपये



आधी शेताची खबर. वरच्या खाचरातलं हळवं, कर्जत ३, पिवळं झालंय. दसऱ्यानंतर दोन दिवस सलग ऊन धरलं की विळा लावायचा. खालचं गरवं आत्ता निसवतंय. खेकड्यांनी बांधाला दोन भोकं पाडली होती, ती काल बुजवली. करपा नाही. तुडतुडा बुडाशी थोडा दिसतो, रोज चूड फाकवून बघतोय.

आता आजचा विषय. पहिल्यांदा वाटेल की याचा शेतीशी काय संबंध, पण वाचत जा.

मागच्या रविवारी सकाळच्या खोपोली लोकलने पाच पोरं पळसदरीला उतरली. तीन मुलगे, दोन मुली. मुंबईच्या एका कॉलेजात सिनेमाचं शिकतात. परीक्षेसाठी बारा मिनिटांचा सिनेमा करायचाय, त्याच्या जागा बघायला आली होती. त्यांच्या भाषेत रेकी. आमच्या भाच्याच्या ओळखीने माझ्याकडे आली. त्यातली एक मुलगी दिग्दर्शक. तिने चहा पिता पिता गोष्ट सांगितली. एका म्हातारीची गाय संध्याकाळी परतत नाही, म्हातारी रात्रभर शोधते, आणि पहाटे गाय रेल्वेलाईनच्या कडेला उभी सापडते. बस एवढीच. मला गोष्ट आवडली. माझ्या आजीची गाय अशीच गेली होती, ती मात्र सापडली नाही.

मग तिने वही काढली. तिला हव्या असलेल्या जागा: रूळ, धुकं, धरणाचा काठ, धबधबा, दाट झाडी, जुनं घर आणि वर किल्ला. म्हणाली, "काका, ॲटमॉस्फिअर पाहिजे." मी म्हटलं, बाळा, ते इथे फुकट मिळतं, पण त्यातलं अर्धं माणूस खातं.

हे मी उगाच नाही म्हटलं. २०१९ च्या जुलैमध्ये चार मुलगे दोन मोटारसायकलींवर आले होते. गाण्याचा व्हिडिओ काढायचा होता. "काका, गर्दी नसलेला धबधबा कुठे?" असं विचारलं. मी लावणीच्या गडबडीत. बांधावरूनच हात करून वरचा ओहळ दाखवला, गाड्या माझ्या अंगणात लावून घेतल्या आणि त्याचे पाचशे रुपये खिशात टाकले. आमच्याकडे पाऊस अगदी बारीक होता. पण पळसदरी घाटाच्या पायथ्याला आहे. वर खंडाळ्याच्या अंगाला कोसळतो तेव्हा इथे ऊनसुद्धा असू शकतं, पाणी मात्र खाली यायचंच. दीड तासाने ओहळाचा आवाज बदलला. मी चिखलणी सोडून पळालो. तिघे वर चढून बसले होते, चौथा पाण्याच्या मधे उंबराच्या मुळाला धरून. वाडीवरच्या दोन ठाकूर भावांनी बैलांचे कासरे एकाला एक बांधले आणि त्याला ओढून काढला. पाय मोडला होता. जीव वाचला म्हणून कुठे छापून आलं नाही.

ती पाचशेची नोट मी खर्च करू शकलो नाही. आई म्हणाली, देवाच्या पेटीत टाक. मी ती त्या दोघा भावांना द्यायला गेलो, त्यांनी घेतली नाही. शेवटी पेटीतच गेली.

तेव्हापासून माझं एक मत झालंय, आणि ते आमच्या गावात सगळ्यांना पटत नाही. जागा दाखवणाऱ्याचीही जबाबदारी असते. "पोरं मोठी आहेत, त्यांचं ती बघतील" हे मला मान्य नाही. त्यांना दिसतो तो देखावा. आपल्याला त्याच जागेचं बारा महिन्यांचं पाणी, गवत, जनावर माहीत असतं. माहीत असून नुसता हात करणं म्हणजे भरलेल्या विहिरीचं झाकण काढून ठेवण्यासारखंच आहे.

तर रविवारी मी कापणीचं काम एक दिवस पुढे ढकललं आणि त्यांच्याबरोबर फिरलो.

पहिली जागा रूळ. मी स्पष्ट नाही म्हटलं. कर्जतवरून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, चढ ३७ ला १ आहे. ती इंजिनं ढकलत निघाली की एवढा आवाज होतो की शेजारच्या रुळावरून उतरणारी गाडी ऐकूच येत नाही. वरची तार २५,००० व्होल्टची. हातात लांब दांड्याचा माईक घेतलेला पोरगा तिच्याखाली उभा राहिलेला मला नको. शिवाय विनापरवाना रुळावर जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एक मुलगा म्हणाला, "पण काका, सिनेमात तर दाखवतात." दाखवतात. १९९५ च्या त्या गाजलेल्या सिनेमातली शेवटची पळत गाडी पकडायची जागा आपल्या रायगडातलंच आपटा स्टेशन आहे. पण तिथे गाडी सिनेमावाल्यांच्या तालावर चालत होती. इथे तुम्हाला गाडीच्या तालावर चालावं लागेल. स्टेशनवर काढायचं असेल तर रेल्वेच्या मुंबईच्या जनसंपर्क विभागात अर्ज करा आणि परवानगी हातात आल्यावरच या.

मग मी त्यांना आमच्या वरकस जमिनीच्या टोकावर नेलं. तिथून लाईन खाली लांब दिसते, मधे दोन खाचरं आणि करवंदीची गच्च जाळी. गाय जाळीच्या अलीकडे बांधायची, गाडी पलीकडून जाणार. दिग्दर्शक मुलगी डोळ्यासमोर हाताची चौकट धरून बराच वेळ बघत राहिली. तेवढ्यात पुण्याकडची एक गाडी गेली. म्हणाली, "लांबून लेन्स लावली की गाय रुळाला चिकटूनच वाटेल." मला लेन्समधलं कळत नाही, पण तिने वहीत बरोबरची खूण केली.

पुढे धरण. पाऊस संपता संपता पाणी उतरायला लागतं, तेव्हा काठावर गाळाचा साय धरल्यासारखा थर राहतो. वरून सुकलेला, भेगा पडलेला दिसतो. त्यावर म्हशी जात नाहीत हे बघायचं. म्हैस जिथे जात नाही तिथे माणसाने कॅमेरा घेऊन जाऊ नये. मी काठी खुपसून दाखवली, हातभर आत गेली. एकाही पोराला नीट पोहता येत नव्हतं, हे विचारल्यावर कळलं. हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा.

परत येताना त्यांना शेजाऱ्याचं शेततळं दिसलं आणि पाचही जण थांबले. निळं प्लास्टिक, त्यात ढग. "हे भारी आहे!" मला मात्र धडकी भरली. शेतकरी मित्रांनो, इथे मी तुमच्याशी बोलतोय, पोरांशी नाही. अस्तर घातलेलं शेततळं धरणापेक्षा वाईट. धरणाला काठ असतो, दगड असतो, मूळ असतं. शेततळ्याच्या ओल्या प्लास्टिकवर पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही, पाय सटकून परत आत येतो. आपलीच लहान पोरं यात जातात. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडा, एक हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवा, कुंपण करा. अस्तराला खर्च होतो त्यात दोराचा खर्च काहीच नाही. त्या शेजाऱ्याला मी त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, करू. करतो की नाही बघू. नाही केलं तर माझ्याकडचे दोन दोर मीच नेऊन बांधेन.

धबधब्याचं मी त्यांना २०१९ चं सांगितलं, मग कुणी हट्ट धरला नाही. जुलै २०२४ मध्ये माणगावकडच्या कुंभे धबधब्यावर रील काढताना मुंबईची एक तरुण मुलगी दरीत पडून गेली, ते त्यांना माहीत होतं. त्याच्या थोडंच आधी, ३० जूनला, लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तो व्हिडिओही सगळ्यांनी पाहिला होता. पाहिलं होतं, पण पाणी येण्याआधीची खूण कुणालाच सांगता येईना. ती इथे लिहून ठेवतो. पाण्याचा रंग बदलतो, लालसर होतो. पाला आणि काटक्या एकदम वाढतात. आवाज जड होतो. ओल्या मातीचा वास येतो. यातलं एक जरी झालं तरी सामान तिथेच टाकून वर चढायचं, पलीकडे नव्हे, ज्या काठावर आहात त्याच काठाने वर. कॅमेऱ्याला विमा असतो म्हणे.

किल्ला म्हणजे आमचा सोनगिरी. तिथे आत्ता गवत कमरेएवढं, खाली दगड सुटे. आणि कपारीत कुठे आग्या मोहोळ असेल सांगता येत नाही. धूर, अत्तर, वरून घोंघावणारा ड्रोन, यातलं काहीही त्यांना चालत नाही. किल्लाच हवा असेल तर कर्जतच्या बाजूला नितीन देसाईंनी २००५ मध्ये उभारलेला स्टुडिओ आहे, जोधा अकबरचा महाल तिथलाच. पण विद्यार्थ्यांच्या खिशाला ते परवडणार नाही. मी म्हटलं, म्हातारी गाय शोधायला किल्ल्यावर कशाला जाईल? गाय चारा असेल तिथे जाते. दिग्दर्शक मुलगी हसली आणि वहीतून किल्ला खोडला.

त्यातल्या एकाने हळूच इर्शाळवाडीचं विचारलं. तिथलं धुकं, तो उभा डोंगर, खूप परिणामकारक वाटेल म्हणाला. मी थोडा वेळ काही बोललो नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री तो डोंगर झोपलेल्या वाडीवर आला. २७ जणांचे मृतदेह मिळाले, ५७ जण मिळालेच नाहीत. ती माणसं अजून तिथेच आहेत. त्याला एवढंच सांगितलं की तिथे गाय शोधायला जायचं नाही. पोरगा चांगला होता, त्याने माफी मागितली.

आता भाताचं. त्यांना रात्रीचा एक प्रसंग गरव्या भाताच्या बांधावर काढायचा होता, जनरेटर आणि मोठे दिवे लावून. इथे मी शेतकरी म्हणून आडवा आलो. भात निसवायच्या वेळी रात्री शेतात मोठा उजेड म्हणजे प्रकाश सापळाच, फक्त कीड मारणारं भांडं नसलेला. खोडकिड्याचे पतंग, तुडतुडे लांबून येणार आणि दिवा विझला की माझ्याच शेतात राहणार. रस्त्याच्या दिव्याखालचं गरवं भात उशिरा निसवतं हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलंय. एका रात्रीने तसं होत नाही, हे मान्य. पण किडीला एक रात्र पुरते. शिवाय सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान फूल उघडतं, तेव्हा चुडांतून माणसं फिरली की पळींज वाढते. बांध तर विचारूच नका. आपण वर्षभर पायाने दाबून केलेला बांध, त्यावर पाच जणांनी सामान घेऊन दहा फेऱ्या मारल्या की खाचर फुटतं. आमच्या कर्जतच्या भात संशोधन केंद्रातले कुणी वाचत असतील तर शूटिंगच्या दिव्याजवळ एकदा सापळा लावून पतंग मोजावेत. अशी पाटी आपल्या भागात लागायला हवी, कारण शूटिंग आता दर महिन्याला असतं.

आणि साप. म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंनी अनवाणी चालावं असं गोष्टीत होतं. आमच्या माळावर फुरसं पायाएवढ्या उंचीवरच चावतं, बांधाला घोणस, पेंढ्यात नाग. खाचराच्या पाण्यात भेगाळलेला पाय गेला तर लेप्टोची भीती वेगळी. मी म्हटलं, सारवलेल्या खळ्यावर अनवाणी चालू दे, तिथे मी स्वतः आधी झाडून देतो. बाकी ठिकाणी बूट. यावर तिने जे सांगितलं ते मला नवीन होतं. पाय वेगळे काढता येतात आणि चेहरा वेगळा, जोडल्यावर कळत नाही. म्हणजे निम्मा धोका नुसत्या जोडणीत संपला की! इतकी वर्षं मला वाटायचं, सिनेमात माणूस खरंच चालतो.

धुक्याचं उत्तर सोपं होतं. आत्ता येऊ नका, डिसेंबरात या. भात निघालेलं असतं, खाचरात वाल उगवलेला असतो, ओलावा जमिनीत आणि गारवा वर, पहाटे सहा ते आठ खाचरावर असं दुधासारखं धुकं बसतं की दहा हातांवरची गाय दिसत नाही. जमीन टणक, पाणी नाही, साप थंडीने कमी बाहेर. उजेडासाठी आम्ही पोपटी लावू. वालाच्या शेंगांचा मडक्याभोवतीचा जाळ म्हातारीच्या तोंडावर कसा पडतो ते तुमच्या दिव्यांना जमणार नाही. फक्त पेंढ्याच्या उडवीपासून लांब, आणि शेजारी पाण्याचे दोन ड्रम. पळस बघायचा असेल तर फेब्रुवारी-मार्च, पण तेव्हा डोंगराला वणवे लागलेले असतात, गवत पेट्रोलसारखं असतं. तेव्हा रात्रीचं काम नको.

माझं म्हणणं इतकंच की जागेला जागा म्हणून चांगली-वाईट ठरवता येत नाही, महिना धरून ठरवावी लागते. ते वेळापत्रक आपल्याकडे आहे आणि कुणाच्याच कामी येत नाही. पावसाळ्यात प्रशासन धबधब्यांवर, धरणांवर बंदीचा आदेश काढतं. काढायलाच पाहिजे. पण त्यात होतं काय, विचारणाऱ्याला नकार मिळतो आणि न विचारणारा मागच्या पायवाटेने जातो. २०१९ चे ते मुलगे निदान मला विचारून गेले होते. बरोबर माणूस असता तर उंबरापर्यंत पोचलेच नसते.

म्हणून मी ग्रामपंचायतीत मांडणार आहे की शूटिंगला येणाऱ्यांची एक वही ठेवा. किती माणसं, कुठे जाणार, कधी परतणार, एक फोन. आणि बरोबर गावातला एक माणूस, शक्यतो वाडीवरचा, पूर्ण दिवसाच्या मजुरीने. ओहळ त्यांच्याइतका कुणाला कळत नाही. बक्षिसी नको, मजुरी. ज्याच्या शेतात काम, त्याला वेगळे पैसे, आणि बांध फुटला तर दुरुस्ती कोण करणार ते आधीच कागदावर. गावातले एक जण म्हणाले, एवढं केलं तर पोरं दुसऱ्या गावाला जातील. जातील काही. सैराट आला २०१६ ला, त्यानंतर करमाळ्याकडे ती विहीर, ती झाडं बघायला लोकांची रांग लागली. आपल्याकडची एखादी जागा अशी गाजली तर वही नसलेल्या गावाला ती गर्दी झेपणार आहे का, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही.

मी या पोरांकडून दिवसाचे हजार रुपये ठरवलेत, पाचशे माझे आणि पाचशे बरोबर येणाऱ्याचे. बरोबर येणारा म्हणजे त्या दोघा भावांपैकी धाकटा. या वेळी त्याने घ्यायचं कबूल केलंय. संध्याकाळच्या लोकलला सोडायला गेलो तेव्हा त्यांना तीन गोष्टी लिहून दिल्या. गाडी उभी करताना तोंड बाहेरच्या दिशेने, रेंज कुठल्या झाडाखाली येते ते, आणि १०८. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय कुठे आहे तेही नकाशावर दाखवलं. साप चावला तर मांत्रिक नाही, चिरायचं नाही, आवळायचं नाही, थेट तिकडे.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी येणार आहेत. गायीचं काम आमची कपिली करणार. ती शांत आहे, पण मागून अनोळखी माणूस आला की लाथ मारते. ते दिग्दर्शक बाईंना सांगून ठेवलंय. त्यांनी वहीत लिहून घेतलं.